सोन्याचा वर्ण आणि सोन्याचा कस : एक साधनचिकित्सा

कांहीं वर्षांपूर्वीं एका परिचित कुटुंबांतील जुन्या घडणीचे पाटल्यांचे दोन जोड मोडीस निघाले. एक जोड नेहमींच्या पिंवळ्या झांकीचा होता. दुसरा स्पष्टपणें तांबूस होता. सराफानें दोहोंचीही रेघ कसोटीवर ओढली, तांबूस जोडाची रेघ पाहून मान हालविली, व हा जोड हिणकस आहे असें सांगून त्याची किंमत बरीच उतरविली. घरच्या मंडळींनीं ती मान्य केली. पुढें आटणी झाली तेव्हां दोन्ही जोडांतून तोळ्यामागें चोख सोनें जवळजवळ सारखेंच निघालें. किंमतींतील तूट मागाहून भरून मिळाली. परंतु त्या तांबूस पाटल्यांच्या आंतल्या अंगास जीं अक्षरें व जो आंकडा कोरलेला होता तो कोणीच उतरून घेतला नव्हता. हिणकस ठरलेल्या डागाचें टिपण करण्याची आवश्यकता कोणास वाटली नाहीं. ज्यावरून त्या जोडाचा काळ व कारागीर यांचा कांहीं माग लागता तें साधन मुशींत गेलें.

हा प्रसंग घरगुती आहे. परंतु त्याच्या मुळाशीं असलेली समजूत केवळ घरगुती नाहीं. सोन्याचा रंग पाहिला म्हणजे कस कळला, ही ती समजूत होय. जुन्या कागदांच्या टीपांत, नाण्यांच्या वर्णनांत व संग्रहांतील अलंकारांच्या फलकांवर ती तीन रूपांनीं वावरते. पहिलें रूप असें कीं, 'वर्ण', 'वान', 'बान' वा 'कस' यांचा आंकडा दिसला कीं त्याचें त्रैराशिक मांडून शेंकडा प्रमाण काढावयाचें. दुसरें असें कीं, तांबूस रंग म्हणजे भेसळ असा निकाल द्यावयाचा. तिसरें असें कीं, पृष्ठभागाचा रंग तोच अंतरंगाचा धरावयाचा. या तिन्ही रूपांची मूळ साधनांच्या आधारें तपासणी करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. यांपैकीं पहिली चूक प्रस्तुत लेखकानेंही आपल्या टिपणांत अनेक वर्षें केली असल्यामुळें, ही टीका दुसऱ्यांवर जितकी आहे तितकीच ती स्वतःवरही आहे.

(१) धातूंचा हिशेब

प्रथम धातूंकडे पाहूं. नित्य व्यवहारांतील शुद्ध धातूंत पांढऱ्या व करड्या झांकीबाहेरचे धातु दोनच, सोनें आणि तांबें. सोनें प्रकाशांतील निळा अंश गिळतें व उरलेला परत करतें, म्हणून तें पिंवळें दिसतें. तांब्याची भूक याहून पुढें जाते, म्हणून तें तांबडें. रुपें जवळजवळ सर्वच प्रकाश परत करतें, म्हणून तें पांढरें. चोख सोनें मऊ असल्यामुळें अंगावर वापरण्याच्या दागिन्यांत सोनार बहुधा कांहीं तरी मिळवितोच. आणि तो काय मिळवितो यावर रंग ठरतो.

हें आपल्याच मापांनीं मांडणें सोपें आहे. तोळ्याचे मासे बारा. अकरा मासे चोख सोन्यांत एक मासा तांबें घातलें तर तांबूस पिंवळें सोनें होतें. एक मासा रुपें घातलें तर फिकट, किंचित् हिरवट झांकीचें होतें. अर्धा मासा तांबें व अर्धा मासा रुपें घातलें तर ज्यास बाजारांत 'सोनेरी' म्हणतात तो रंग येतो. तिन्हींचा कस एकच, बावीस कॅरट. नऊ मासे सोनें धरलें, म्हणजे अठरा कॅरट, तर भेद अधिकच उघड होतो. उरलेले तीन मासे सर्व तांबें असल्यास सोनें स्पष्ट तांबडें दिसतें, सर्व रुपें असल्यास हिरवट, आणि पॅलॅडियम असल्यास पांढरें. रंग तीन, चोख सोनें प्रत्येकांत नऊच मासे.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण नाण्यांत आहे. ब्रिटिश सॉव्हरिन हें बावीस कॅरटचें नाणें. लंडनच्या नाण्यांत मिसळ तांब्याची असे. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील टांकसाळ १८५५ सालीं सुरू झाली, तेथील आरंभींच्या सॉव्हरिनांत मिसळ रुप्याची होती. त्यामुळें तीं नाणीं लंडनच्या नाण्यांहून फिकट पिंवळीं दिसतात. दोहोंचें वजन एक, कस एक, रंग दोन. जो कोणी केवळ रंगावरून त्यांची प्रत लावील तो एका राज्याच्या एकाच नाण्याचे दोन भाव करील. मोडीस निघालेल्या त्या पाटल्यांचें नेमकें हेंच झालें.

(२) कौटिल्याचे सोळा वर्णक

आतां आपल्या ग्रंथांकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राचा मूळ पाठ शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत सुवर्णाध्यक्षाचें प्रकरण आहे. तेथें कमळाच्या केसरासारख्या रंगाचें, मऊ व तेजस्वी सोनें श्रेष्ठ, तांबूस पिंवळें मध्यम व तांबडें कनिष्ठ अशी प्रतवारी दिली आहे. तांबडें तें हलकें या समजुतीस शास्त्राधार म्हणून हेंच स्थळ दाखविण्यांत येतें. परंतु येथें संदर्भ पाहिला पाहिजे. ही प्रतवारी जांबूनद, शातकुंभ, हाटक इत्यादि जातींचीं नांवें सांगून झाल्यावर आलेली आहे. म्हणजे ती भांडारांत येणाऱ्या कच्च्या सोन्याची आहे. सोनारानें हेतुपुरस्सर मिसळ करून घडविलेल्या अलंकाराची ती नव्हे.

हें मी अनुमानानें म्हणत नाहीं. त्याच प्रकरणांत पुढें सोन्यास निरनिराळे रंग आणण्याच्या कृति दिल्या आहेत. श्वेततार नांवाच्या रुपेरी मिश्रणाचे दोन भाग व तपनीय सोन्याचा एक भाग घेतल्यास मुगाचा वर्ण येतो असें ग्रंथकार सांगतो. सोन्यांत रुपें वाढलें कीं तें हिरवटतें या आजच्या अनुभवाशीं हें जुळणारें आहे. पांढुरका तांबडा, पिंवळा, काळा, पोपटाच्या पिसाचा असेही रंग तेथें आले असून काळ्या रंगासाठीं लोखंडाचा योग सांगितला आहे. ज्या ग्रंथांत रंगीत सोनें करण्याच्या कृति राजाच्या अधिकाऱ्यासाठीं नमूद केलेल्या आहेत, त्याच ग्रंथाचा आधार घेऊन प्रत्येक तांबूस डाग भेसळीचा ठरविणें हें अर्धें प्रकरण वाचण्यासारखें आहे.

याहून महत्त्वाचें स्थळ वर्णकांचें. कौटिल्याचा सुवर्ण सोळा माषांचा व माषाच्या चार काकणी, म्हणजे एका सुवर्णाच्या चौसष्ट काकणी. शुद्ध, हळदीच्या रंगाचें सोनें हा मूळ वर्णक. त्यांतून एकेक काकणी सोनें काढून तितकें तांबें घालीत जावयाचें, तें चार माषांपर्यंत. असे सोळा वर्णक होतात. हा हिशेब लक्षपूर्वक पहावा. सोळावी पायरी म्हणजे सोनें शून्य नव्हे. तेथें चौसष्टांत सोळा काकणी तांबें व अठ्ठेचाळीस काकणी सोनें आहे, म्हणजे पाऊण हिस्सा, आजचें अठरा कॅरट. सोळा म्हणजे पूर्ण व दहा म्हणजे सोळांतील दहा, असें धरून जो त्रैराशिक मांडील त्यास दहाव्या वर्णकांत शेंकडा साडेबासष्ट सोनें मिळेल. वास्तविक दहाव्या पायरीवर दहा काकणी तांबें गेलेलें असून चौसष्टांत चोपन्न काकणी सोनें शिल्लक आहे, म्हणजे शेंकडा चौऱ्याऐंशींहून अधिक. एक चांगलें सोनें, दुसरें मोडींतलें. आणि दोन्ही निकाल एकाच आंकड्यावरून निघालेले.

(३) वर्णाचा आंकडा कसा झाला

मग त्रैराशिकाची संवय आली कोठून? ती अगदींच निराधार नाहीं, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२, इ. स. ११५०) सुवर्णगणिताचें स्वतंत्र प्रकरण आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख खानदेशांत पाटणें येथें आहे, त्यामुळें हा ग्रंथ आपणांस दुहेरी जवळचा. त्यांतील एका उदाहरणांत तेरा, बारा, अकरा व दहा वर्णांचें सोनें अनुक्रमें दहा, चार, दोन व चार मासे एकत्र आटविलें आहे. वर्ण व मासे यांचे गुणाकार एकशेंतीस, अठ्ठेचाळीस, बावीस व चाळीस. बेरीज दोनशें चाळीस. वीस माशांनीं भागतां वर्ण बारा येतो. तें शुद्ध करून सोळा मासे उरलें तर वर्ण पंधरा, आणि सोळा वर्णाचें केलें तर मासे पंधरा उरतील, हेंही तेथें काढून दाखविलें आहे.

येथें वर्ण म्हणजे रंग राहिलेला नाहीं. तो वजनाशीं गुणतां येणारा शुद्ध आंकडा झाला आहे. सोळा म्हणजे पूर्ण, आणि खालीं शून्यापर्यंत समान उतार. या मापावर त्रैराशिक सर्वस्वीं योग्य आहे. ज्ञानेश्वरींत (शके १२१२, इ. स. १२९०) उत्तम सोन्यास 'साडेपंधरें' असा शब्द येतो. त्याचा अर्थही या सोळाच्या मापावरच लागतो. बत्तिसांत एकतीस भाग, म्हणजे शेंकडा सत्त्याण्णवांच्या आसपास, अशी ही प्रत होय. माझ्या मतें सोळा हें गणिताचें टोक व साडेपंधरा हें सोनाराच्या मुशीचें टोक होय; ज्ञानदेवांनीं गणितज्ञाचा आंकडा न घेतां बाजारांत बोलला जाणारा घेतला.

तेव्हां एकाच 'सोळा' या संख्येभोंवतीं दोन मापें आहेत. एक काढत्या पायऱ्यांचें, कौटिल्याचें, जें पाऊण हिश्शावर थांबतें. दुसरें भागाकाराचें, भास्कराचार्यांचें, जें शून्यापर्यंत जातें. कागदांत नुसता वर्णाचा आंकडा सांपडला तर प्रथम तो कोणत्या मापावरचा हें ठरविलें पाहिजे, आणि मगच पाटीपेन्सिल हातीं घ्यावी.

(४) आईने अकबरी व दक्षिणेचा होन

या अविचाराचा सर्वांत मोठा फटका दक्षिणेच्या होनास बसला आहे. अबुल फजल आईने अकबरींत बनवारी म्हणून एक प्रकरण देतो. (ब्लॉकमन याच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १८७३ सालीं निघाला.) तेथें तो सांगतो कीं, इराणांत कसाचे दहा अंश मानतात, हिंदुस्थानांत बारा, यावरून उत्तम सोन्यास बारहबानी म्हणतात. दक्षिणेंत चालणारा जुना होन पूर्वीं दहा बानांचा व चोख समजला जाई, तो आतां बादशहांनीं साडेआठ ठरविला. आणि अल्लाउद्दिनाचा वाटोळा लहान दिनार बारा बानांचा समजत, तो साडेदहा ठरला. हें वाचल्यावर हात आपोआप त्रैराशिकाकडे जातो. बारास चोवीस कॅरट, तर साडेआठास सतरा. म्हणजे होनांत तीस टक्के भेसळ, आणि तो ज्या दक्षिणेंत चालत होता तेथील टांकसाळी लबाड! माझ्या टिपणांत हा सतरा कॅरटचा आंकडा कित्येक वर्षें तसाच होता.

परंतु त्याच प्रकरणांत पुढें कसोटीच्या सुया तयार करण्याची कृति आहे, ती सोडून चालणार नाहीं. एक मासा रुपें व एक मासा तांबें एकत्र आटवावें. त्यांत साडेदहा बानांचें चोख सोनें सहा मासे मिळवावें. या मिश्रणाचा एक मासा घेऊन त्याचे अर्ध्या सुर्खाचे सोळा भाग करावे. साडेसात सुर्ख चोख सोन्यांत यांतील एक भाग मिळविला कीं बान पाव अंशानें उतरून सवादहा होतो. सात सुर्खांत दोन भाग मिळविले कीं दहा. याप्रमाणें प्रत्येक अर्ध्या सुर्खास पाव बान कमी होत जातो, व निव्वळ मिश्रणाचा बान साडेसहा असतो. या निरनिराळ्या मिश्रणांचे कण पितळेच्या वा तशाच धातूच्या सुयांच्या टोकांस लावून त्यांवर बानांचे अंक घालीत, व तपासावयाच्या सोन्याची रेघ त्यांच्या रेघांशीं ताडून पाहत.

आतां हिशेब करूं. मिश्रणांत आठांपैकीं सहा मासे सोनें, म्हणजे पाऊण हिस्सा. त्याचा बान साडेसहा. चोख सोन्याचा साडेदहा. म्हणजे चार बानांच्या उतारांत सोन्याचा केवळ पाव हिस्सा कमी झाला. एका बानास सोळावा हिस्सा, पाव बानास चौसष्टावा. होन साडेआठचा, म्हणजे चोखाहून दोन बान खालीं. त्यांत मिसळ आठवा हिस्सा व सोनें सात अष्टमांश. हें सतरा कॅरट नव्हे. एकवीस कॅरट होय. कोणी म्हणेल कीं, साडेदहाचें सोनें 'चोख' म्हटलें तरी खरी परिसीमा बाराचीच धरावी. तसें धरून याच पायऱ्या वर चढविल्या तर होनांत चार पंचमांश सोनें येतें, म्हणजे एकोणीस कॅरटांहून किंचित् अधिक. कसेंही धरा, सतरा येत नाहीं. जमाखर्चाच्या कागदांत होनांचे आंकडे लाखांनीं येतात. ते सोन्यांत बदलतांना सतराचा गुणक लावणारा अभ्यासक पहिल्या हिशेबानें सुमारें पांचवा हिस्सा सोनें बुडवितो, आणि त्यावरून दक्षिणेच्या दारिद्र्याविषयीं निष्कर्ष काढावयास मोकळा होतो.

यांतून दुसरीही एक गोष्ट निघते व ती मला अधिक मोलाची वाटते. अबुल फजलाचे सोळा भाग, प्रत्येक पायरी चौसष्टाव्या हिश्शाची, शेवट पाऊण हिश्शावर; कौटिल्याचे सोळा वर्णक, प्रत्येक पायरी चौसष्टाव्या हिश्शाची, शेवट पाऊण हिश्शावर. दोन्ही शिड्या पायरीस पायरी जुळतात. बादशाही टांकसाळींत जी रीत नवी म्हणून नमूद झाली ती सोनारांच्या व सराफांच्या हातीं फार जुनी असली पाहिजे, असें अनुमान यावरून करतां येईल. बारा बानांचें नांव वर राहिलें, खालचा हिशेब सोळाचाच होता.

(५) तांबडी शिडी व पिंवळी शिडी

तथापि या दोन शिड्यांत एक भेद आहे, आणि आमच्या विषयाचें मर्म त्यांतच आहे. कौटिल्य केवळ तांबें घालतो. अबुल फजल तांबें व रुपें समभाग घालतो. त्यामुळें कौटिल्याचे वर्णक उतरत जातात तसे तांबडे होत जातात, तर अकबराच्या सुया उतरत जातात तशा मुख्यतः फिकट होतात. कौटिल्याच्या शिडीवर तांबूसपणा हें खरोखरच कस उतरल्याचें चिन्ह आहे, हें मान्य केलें पाहिजे. परंतु तें त्या शिडीपुरतेंच. केवळ तांब्याच्या मिसळीची पाटली अकबरी सुयांशीं ताडून पाहिली तर तिची रेघ कोणत्याच रेघेशीं जुळणार नाहीं. आणि पाहणारा ती आहे त्याहून हलकी ठरवील. रुप्याची मिसळ असलेला डाग कौटिल्याच्या वर्णकांशीं ताडला तरी हाच घोटाळा होणार. युरोपांत आग्रिकोला याच्या १५५६ सालच्या धातुविद्येच्या ग्रंथांत सोनें-रुपें, सोनें-तांबें व तिन्हींची मिसळ यांसाठीं सुयांचीं निरनिराळीं जुडगीं सांगितलीं आहेत, तीं यासाठींच.

कसोटीचा दगडही उदासीन नसतो. हत्तीच्या कातडीसारखा, हिरवट झांकीचा व रंग खुलविणारा दगड विकणाऱ्याच्या हिताचा, आणि खरबरीत, रंग न खुलविणारा दगड घेणाऱ्याच्या हिताचा, असें कौटिल्यानेंच बजावून ठेविलें आहे. नखांत धरलेल्या गेरूची पूड रेघेवर सोडून रंग चढविण्याची लबाडीही त्यानें नोंदविली आहे. रंगावर विसंबणाऱ्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

याहीपुढें, पृष्ठभागाचा रंग अंतरंगाचा असतोच असें नाहीं. अबुल फजलानें सोनें शुद्ध करण्याची सलोनी नांवाची रीत दिली आहे. सोन्याचे पातळ पत्रे करून त्यांस सोरा व कच्च्या विटांची पूड यांचा थर देत व शेणींच्या मंद आंचेंत ठेवीत. या रीतीनें मिसळीचा धातु पत्र्यांतून काढून घेतला जातो. हेंच तत्त्व घडलेल्या डागास बेतानें लावलें तर वरची कांति चोखाची व आंतील अंग मिसळीचें राहतें. कोलंबियांतील प्राचीन कारागिरांनीं सोनें व तांबें यांच्या मिश्रधातूवर, ज्यास तुंबागा म्हणतात, ही कला पराकाष्ठेस नेली. आंत तांबूस, वर पिंवळेंधमक. मुलामा म्हणून वेगळें सोनें चढविलेलें नाहीं, त्याच धातूंतील तांबें पृष्ठभागावरून घालविलें आहे. अशा वस्तूचा रंग पाहून कस सांगणें म्हणजे वेष्टन पाहून पोथी वाचली म्हणण्यासारखें आहे.

(६) रंगाची स्वतःची किंमत

येथपर्यंत रंग हा कसाचा कच्चा साक्षीदार कसा हें पाहिलें. परंतु रंगास कसाहून निराळी अशी स्वतःची किंमत असूं शकते, हें आमच्या अभ्यासकांनीं फारसें ध्यानांत घेतलेलें नाहीं. कोलंबसाच्या तिसऱ्या सफरीच्या (१४९८) वृत्तांतांत गुआनीन नांवाच्या धातूची पारख आहे. बत्तीस भागांत अठरा सोनें, सहा रुपें व आठ तांबें. म्हणजे साडेतेरा कॅरट. स्पॅनिश पारख्याच्या दृष्टीनें हें हलकें सोनें; परंतु तेथील तायनो लोक त्याच्या तांबूस रंगासाठीं व विशिष्ट वासासाठीं तें चोख सोन्याहून अधिक मानीत. आचे व मलाया या प्रदेशांत सुआसा नांवाचें सोन्यातांब्याचें मिश्रणही त्याच्या तांबड्या रंगासाठीं दागिन्यांत व शस्त्रांच्या मुठींत आवडीनें वापरीत. पॅरिसच्या अठराव्या शतकांतील सोनारांनीं पिंवळें, तांबडें, हिरवें व पांढरें असें चार रंगांचें सोनें एकाच तपकिरीच्या डबीवर बसविलें. तेथें हिरवें सोनें पानांसाठीं व तांबडें फुलांसाठीं होतें, त्यास कोणी भेसळ म्हटलें नाहीं.

इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यांत, जें १९२२ सालीं उघडलें, जांभळट गुलाबी झांकीच्या सोन्याच्या टिकल्या सांपडल्या. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक वुड यानें १९३४ सालीं प्रयोगानें दाखविलें कीं, सोन्यांत लोहाचा अत्यल्प अंश असून तें तापविल्यानें पृष्ठभागावर हा रंग उमटतो. पहिल्या शोधकांनीं तो रंग डाग समजून पुसून काढिला असता तर एका कारागिराची विद्या पुसली गेली असती.

पांढऱ्या सोन्याविषयीं थोडेंच सांगतों. प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, ज्या सोन्यांत पांचवा हिस्सा रुपें असतें त्यास इलेक्ट्रम म्हणतात असें लिहून ठेविलें आहे. तें फिकट सोनें निसर्गतःही सांपडतें. आजचें पांढरें सोनें मात्र विसाव्या शतकाच्या आरंभींचें, प्लॅटिनमची जागा घेण्यासाठीं निकेल वा पॅलॅडियम घालून केलेलें आहे, आणि त्यावर बहुधा ऱ्होडियमचा लेप असतो. जुन्या कागदांत पांढुरक्या सोन्याचा उल्लेख आला तर तेथें रुप्याचा अधिक अंश समजावा. आणि फलकावर 'पांढरें सोनें' लिहितांना हा भेद स्पष्ट करावा, नाहीं तर वाचकाच्या मनांत दोन हजार वर्षांचा घोटाळा होतो.

(७) उपसंहार

सरकारी छापाच्या आजच्या पद्धतींत, जी सोन्याच्या दागिन्यांस २०२१ सालच्या जूनपासून टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली, बावीस कॅरटवर ९१६ व अठरा कॅरटवर ७५० असा अंक उमटतो. रंगाचा उल्लेख नसतो. भास्कराचार्यांचा वर्ण शेवटीं पूर्णपणें आंकडा झाला, तें व्यवहारास सोयीचेंच आहे. परंतु इतिहासकाराचें काम सराफाहून निराळें आहे. सराफास किती सोनें हें पाहिजे. आम्हांस तें कोणी, कशासाठीं व कोणत्या मिसळीनें केलें हेंही पाहिजे, आणि त्याची साक्ष त्या मिसळींतच असते.

म्हणून जुन्या अलंकाराचें वा नाण्याचें वर्णन करतांना चार गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्या. पहिली, डोळ्यांस दिसणारा रंग, तो वरचा कीं झिजलेल्या कडेवरचा हें सांगून. दुसरी, कस, व तो कोणत्या रीतीनें काढला तें. पाण्यांत तोलून घनत्व काढतां येतें, कारण सोनें रुप्याच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. पण बोरमाळेच्या वा ठुशीच्या लाख भरलेल्या मण्यांस ही रीत लागू पडत नाहीं. क्ष-किरणांचें यंत्र डागास इजा न करतां धातु सांगतें, परंतु तें पृष्ठभागापुरतेंच, हें विसरूं नये. तिसरी, मिसळ कोणत्या धातूची. चौथी, डागावर कोरलेलें प्रत्येक अक्षर. आणि कागदांतील वान वा बान यांचा आंकडा शेंकड्यांत बदलण्यापूर्वीं तो कोणत्या शिडीवरचा हें नमूद करावें. शिडी ठरत नसेल तर आंकडा आहे तसाच ठेवावा. चुकीच्या शेंकड्यापेक्षां न बदललेला जुना आंकडा पुढच्या अभ्यासकास अधिक उपयोगी पडतो.

होनाच्या सतरा कॅरटची दुरुस्ती मीं माझ्या टिपणांत केली. ती कागदावरची चूक होती, कागदावर सुधारली. त्या तांबूस पाटल्यांच्या आंतल्या अक्षरांची दुरुस्ती करण्यास आतां कांहीं उरलेलें नाहीं. ज्यांच्या घरीं तशा तांबूस झांकीचे जुने डाग असतील त्यांनीं ते मोडण्यापूर्वीं निदान त्यांवरील लेखन उतरून ठेवावें, आणि तसे उतारे या मंडळाकडे पाठवावे, अशी विनंति आहे.